खिडकी उघडी की बंद? (स्पेनच्या खेड्यातला उन्हाळा आणि आमच्या घरातलं भांडण)

सागरगोटी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणायला काढतेय म्हटलं तरी चालेल. मी मूळची गुहागर तालुक्यातली, गेली सहा वर्षं दक्षिण स्पेनमध्ये, कॉर्दोबा शहरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात राहते. चारी बाजूंना डोंगरभर ऑलिव्हची झाडं आणि मधे चुन्यानं पांढरं केलेलं गाव. नवरा इथलाच, सासूबाई खालच्या मजल्यावर, वय ८१, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत.

तर मुद्दा असा, की जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत सासूबाई सकाळी साडेनऊला घरभर फिरतात आणि सगळ्या खिडक्या बंद, आतल्या लाकडी झडपा बंद, बाहेरून एस्पार्तो नावाच्या गवताचा पडदा खाली. रात्री दहापर्यंत घर म्हणजे भुयार. मी कोकणात वाढलेली, आमच्याकडे दिवसा खिडक्या बंद म्हणजे घरची माणसं मुंबईला गेलीत असा अर्थ. मला गुदमरतं हो. मागच्या जुलैत दुपारी तीनला गुपचूप एक खिडकी उघडली, म्हटलं वारा येऊदे, तर झोपेतून उठून आल्या आणि असं काही बोलल्या की ते भाषांतर करून इथे टाकता येणार नाही.

एरवी मी सोडून दिलं असतं, पण या जुलैत आईबाबा पहिल्यांदाच येताहेत. दोघं सत्तरीच्या पुढे, बाबांना बीपीची गोळी. नवरा म्हणतो एसी बसवू, सासूबाई म्हणतात एसीनं मान धरते आणि माझ्या घरात भोक पाडायचं नाही. प्रश्न दोन: खिडकी उघडी ठेवायची की बंद? आणि एसी घ्यायचा की नाही?

चंद्रपूरचा_कोळसा
ताई, तुमच्या सासूबाई आमच्या गावच्या हायेत काय? आमच्याकडं मे महिन्यात आई सकाळी नऊलाच सारं बंद करते आणि दुपारी कोणी दार उघडलं तर चप्पल येते उडत. छेचाळीस डिग्रीत वारा नाही येत बाप्पा, भट्टीची फुंकणी येते. तुमच्याकडं हवा कोरडी असन तर कूलर लावा न, एवढा काहून विचार करून राहिल्या.

नळस्टॉप
आमच्या पुण्यात लहानपणी पंखासुद्धा लागत नसे.

चक्रम
नळस्टॉप, ते पुणे १९८५ च्या आसपास संपलं, तुम्हाला कोणी कळवलं नाही का?

बॅकपॅकवाला
छान धागा. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रानादा असं दहा दिवस जातोय, सोबत सासूसासरे आणि चार वर्षांचा मुलगा. दुपारी फिरायला काय काय आहे?

चक्रम
दुपारी फिरायला हॉटेलची लिफ्ट आहे.

भुईकोट
सागरगोटीताई, गंमत म्हणजे तुम्हीही बरोबर आहात आणि सासूबाईही, फक्त तुम्ही चुकीच्या गावात बरोबर आहात :)

कोकणात मे महिन्यात बाहेर ३३-३४ असतं आणि घरातही तेवढंच. हवा दमट, घाम वाळतच नाही, त्यामुळे अंगावरून वारा फिरला की बरं वाटतं. तिथं घर म्हणजे सावली आणि आरपार वारा, मग खिडकी उघडी ठेवण्यात शहाणपण आहे. तुमच्याकडे दुपारी बाहेर ४१-४२ आणि जाड भिंतींच्या आत समजा २७. खिडकी उघडली की काय आत येणार? जास्त तापमानाकडून कमीकडे, शाळेत शिकलोय आपण.

आता खरी मेख रात्रीत आहे. कॉर्दोबाला जुलैत सरासरी कमाल ३७ च्या आसपास आणि किमान १९-२०, म्हणजे दिवसरात्रीत सतरा-अठरा अंशांचा फरक. मुंबई-कोकणात मे महिन्यात हा फरक जेमतेम सहा-सात असतो. दोन फूट जाडीची माती-दगडाची भिंत दिवसाची उष्णता सावकाश पिते, ती आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री सगळं सताड उघडलं की ती निघून जाते. म्हणजे ते घर ही एक बॅटरी आहे, रात्री गारव्यानं भरायची आणि दिवसा पुरवून वापरायची. तुम्ही दुपारी तीनला बॅटरीला भोक पाडलंत. चुन्याचा पांढरा रंगही शोभेला नाही, ऊन परतवायला आहे.

आणि हो, तुमचं घड्याळ खोटं बोलतं. स्पेन आहे लंडनच्या रेघेत पण वेळ लावतो बर्लिनची, १९४० पासून. त्यामुळे उन्हाळ्यात तुमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो दोन-सव्वादोनच्या नंतर, आणि सगळ्यात जास्त तापतं ते पाच-सहाला. तुम्ही तीनला "आता ऊन उतरेल" म्हणून खिडकी उघडली असणार.

सागरगोटी
भुईकोट, अगदी तसंच झालं! माझ्या डोक्यात तीन म्हणजे चहाची वेळ, ऊन कलतं. इथं जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो, मग कुठे जेवणाचा विचार.

बॅटरीवरून आठवलं. सासूबाई रात्री झोपण्याआधी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावून उभ्या राहतात, डोळे मिटून, डॉक्टर ताप बघतात तसं. मग ठरवतात आज मागचं दार कितीला उघडायचं. मला वाटायचं प्रार्थना वगैरे करतात.

शेवंती
मी इटलीच्या टाचेत, सालेंतोमध्ये. भुईकोट यांचं पटलं पण सगळी दक्षिण एकसारखी नाही हे सांगायला आले. आमच्याकडे दोन्ही बाजूंना समुद्र, शिरोक्को सुटला की आफ्रिकेकडून निघालेला वारा समुद्रावरून भिजून येतो आणि मग अंग चिकचिक, चादर ओली, बंद घरात बुरशीचा वास. त्या दिवसांत बंद ठेवण्याचा काही उपयोग नाही. उत्तरेचा वारा असला की कोरडं, तेव्हा बंद. म्हणजे आमची शेजारीण आधी वारा कुठून आहे ते बघते, मग झडप.

दुपारच्या वेळेला इथे कोंत्रोरा म्हणतात, जेवणानंतरची उलटी वेळ. गावात चिटपाखरू नसतं, दुकानं पाचपर्यंत बंद. नवीन आले तेव्हा मी दुपारी अडीचला दूध आणायला निघाले होते, रस्त्यात एक आजोबा खिडकीच्या फटीतून ओरडले, घरात जा. लहानपणी "बाराच्या उन्हात फिरू नको, बाधेल" ऐकलेलं, तेच परत.

सावलीबद्दल एक दुःख सांगते. आमच्याकडे झाडांना लागणारा झायलेला नावाचा जिवाणू २०१३ मध्ये सापडला आणि नंतर लाखो ऑलिव्ह वाळले. मैलोन्‌मैल राखाडी खराटे उभे. जिथं दुपारी माणसं झाडाखाली बसायची तिथं आता उभंही राहवत नाही. उन्हाळा वाढला की सावली गेली म्हणून तसा वाटतो, कळत नाही, दोन्ही असेल.

फोंडेकर
आलेंतेझू, पोर्तुगाल. घर पांढरं, खाली निळा पट्टा, खिडक्या टपालपेटीएवढ्या. १ ऑगस्ट २००३ ला आमारेलेझा गावात ४७ च्या वर गेलं होतं, अजून गावकरी अभिमानानं सांगतात, जणू त्यांनीच तापवलं.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, हिवाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा थंड वाटतं. जानेवारीत मी घरात कानटोपी घालतो आणि अंगणात आलो की काढतो. गोव्यातला माणूस युरोपात थंडीनं मेला तर तो पोर्तुगालच्या दक्षिणेत, घराच्या आत मरेल.

सागरगोटी
फोंडेकर, शंभर टक्के! इथे गोल टेबलाखाली शेगडी ठेवतात, वरून जाड टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत, आणि सगळे पाय आत घालून बसतात. पूर्वी निखारे असत, आता विजेची. कमरेखाली मे महिना आणि वर डिसेंबर.

आजीचा_बटवा
पाणी काय पिता ते सांगा. माठ मिळतो का तिकडे? पन्हं, ताक, कोकम सरबत चालू ठेवा. फ्रिजचं पाणी नको.

सागरगोटी
माठ नाही, पण त्याचा चुलतभाऊ आहे, बोतीखो. पोटाला गोल, वर कान, एका बाजूला भरायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला चोच. पांढरट कच्च्या मातीचा, वरून झिलई नाही, त्यामुळे पाणी झिरपून बाहेर येतं आणि वाळताना आतलं गार करतं. आमच्याकडचा ला राम्ब्लाचा आहे, कॉर्दोबा जिल्ह्यातलं कुंभारांचं गाव. आणि योगायोग बघा, ऑगस्ट २०२१ मध्ये स्पेनचा उन्हाचा उच्चांक त्याच गावात लागला, ४७ च्या वर. जिथं माठ घडतात तिथंच भट्टी.

नवा बोतीखो आणला की पहिल्यांदा पाणी आणि त्यात थोडी बडीशेपेच्या चवीची दारू घालून एकदोन दिवस ठेवतात, मातीचा वास जायला. आणि पितात कसं? वरून! ओठ न लावता, हात लांब करून धार सोडतात. लग्न होऊन आले तेव्हा घरच्या कुणाला वाटलं नव्हतं मला जमेल. मी उचलला, मान मागे, घटाघटा प्यायले, एक थेंब सांडला नाही. सासूबाईंनी त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट बघितलं असावं.

बोतीखो कुठे ठेवायचा यावरही नियम आहे. बंद घरात नाही, जिन्याखाली जिथं जराशी झुळूक येते तिथं, खाली बशी. उन्हाळ्यात त्याच्या पोटावर बारीक दव येतं, आमची मांजर येऊन ते चाटते.

चंद्रपूरचा_कोळसा
माठात वाळ्याची जुडी टाकून पाहा एकदा. असा वास येते की पाणी पितच राहावं वाटते. आमचे आबा कूलरला पण वाळ्याचे ताटे लावत, आता सारे भुसा भरून देतात.

मोडीवाचक
एस्पार्तोचे पडदे आणि वाळ्याचे ताटे, दोन्ही गवतं, दोन्ही पाणी मारून गार करायची. माणसाला जिथं ऊन लागलं तिथं त्यानं गवत ओलं केलंच.

अवांतर, पण हवामानावरच आहे. स्पेनमध्ये काबान्युएलास म्हणून प्रकार आहे ना? ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांवरून पुढच्या बारा महिन्यांचं हवामान सांगायचं, मग पुढचे बारा दिवस उलट्या क्रमानं मोजून ताळा करायचा. आपल्या बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचा अंदाज सांगतात, तेच आठवलं.

सागरगोटी
हो आहे! आमच्या गावात एक आजोबा वही ठेवतात. गंमत अशी की इथं ऑगस्टमधला कुठलाही दिवस बघितला तर फक्त ऊन असतं. त्यातून पुढचा जानेवारी कसा काढतात हे त्यांनाच माहीत. पाऊस इथं हिवाळ्यातला, जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे. हेच मला पहिल्या वर्षी सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे मे कितीही तापला तरी मनात असतं की सात जूनला मृग आहे. इथं उन्हाच्या टोकाला काही नाही, अजून ऊन. सात जूनला मी उगीच आभाळ बघत बसले होते.

डॉ_निवांत
धागा छान चाललाय पण मी जरा विरजण टाकतो. माठ, चुना, आजीचा तळवा सगळं गोड आहे, पण मूळ प्रश्न सत्तरीच्या दोन माणसांचा आहे, त्यातल्या एकाला रक्तदाब.

ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेनंतर जे हिशेब झाले त्यात त्या उन्हाळ्यात युरोपात सत्तर हजारांच्या वर जादा मृत्यू धरले गेले. फ्रान्समध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे फार, घरचे ऑगस्टच्या सुट्टीवर गेलेले. २०२२ च्या उन्हाळ्याचा अंदाज एकसष्ट हजारांच्या वर, आणि तोवर सगळ्यांना लाट येणार हे आधीपासून माहीत होतं. ही माणसं रस्त्यात पडून गेलेली नाहीत, बहुतेक घरात गेली. म्हातारपणी तहान कळत नाही, घाम कमी येतो, आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, उन्हाळ्यात डोस बदलायचा का. मनानं बंद करू नका.

आणि भुईकोट यांच्या बॅटरीची अट विसरू नका. रात्री गार झाली तरच ती भरते. लाटेत रात्रीचं तापमान २४-२५ च्या खाली उतरत नाही, असे पाच दिवस सलग गेले की तीच जाड भिंत रात्री आत उष्णता ओकते. तेव्हा जुनं घर दगा देतं. एसी घ्या.

नळस्टॉप
डॉक्टर, त्या भागात माणसं हजार वर्षं एसीशिवाय राहिली आहेत.

डॉ_निवांत
राहिली, आणि बरीचशी पन्नाशीत गेली. हलके घ्या.

भुईकोट
डॉक्टरांचं मान्य, अट मी लिहायला हवी होती. कूलरबद्दलही एक: कोरड्या हवेत मस्त चालतो, पण त्याला एक खिडकी फटभर उघडी लागते, नाहीतर घरात दमटपणा साठतो. म्हणजे कूलर आणला की सासूबाईंशी पुन्हा तेच भांडण. आणि शेवंतीताईंच्या शिरोक्कोत तो निव्वळ पाणी उडवणारं खेळणं.

एसी घेतलात तर विजेचा दर बघा. स्पेनमध्ये नेहमीच्या घरगुती करारात सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० महाग, दुपारी २ ते ६ मधला, रात्री बारा ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवार स्वस्त. दुपारीच खोली गार करून सहाला बंद करा, भिंती पुढं सांभाळतील.

चंद्रपूरचा_कोळसा
सारे घरातल्यावर बोलून राहिले. शेतात काम करते त्याचं काय? आमच्याकडं मजूर पहाटे पाचला निघते, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.

सागरगोटी
शेजारचा पाको (नाव बदललंय) सहाला जातो, एकला परत. २०२३ पासून स्पेनमध्ये नियम आहे की हवामान खात्यानं नारिंगी किंवा लाल इशारा दिला आणि बाकी काळजी घेऊन भागत नसलं, तर उघड्यावरच्या कामाचे तास बदलायचे किंवा कमी करायचे. पाळतात किती ते मालकावर. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्यात असते ते एक बरं, पण कलिंगड, कांदा, लसूण हे सगळं उन्हातलं काम. पाकोच्या डब्यात गास्पाचो असतो, टोमॅटो, लसूण, शिळा पाव, तेल, व्हिनेगर, मीठ, सगळं वाटून गार. पूर्वी टोमॅटोही नसायचा, नुसता पाव-लसूण-तेल-व्हिनेगर-पाणी. पाणी, मीठ, आंबट. आपली आंबील काय वेगळी?

संध्याकाळी मात्र गाव सुंदर होतं. दहानंतर प्रत्येक जण आपली खुर्ची घेऊन दाराबाहेर, रस्त्यातच बसतो, टीव्ही खिडकीतून ऐकत. आधी दारासमोर बादलीभर पाणी मारतात, सडा घातल्यासारखं. त्या ओल्या दगडांचा वास आला की मला एक क्षण मृगाचा पाऊस वाटतो.

शेवंती
खुर्च्या इथेही! आणि ज्याची खुर्ची नाही त्याच्याबद्दल बोलणं.

बॅकपॅकवाला
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का प्लीज? ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्याचं तिकीट दुपारी दोनचं मिळालंय.

सागरगोटी
(तीन आठवड्यांनी) धागा वर आणतेय, अपडेट द्यायचा होता.

भुईकोट यांचं वाचून मी प्रयोग केला. दोन थर्मामीटर आणले. पहिला दिवस सासूबाईंच्या पद्धतीनं: संध्याकाळी साडेपाचला बाहेर सावलीत ४१, आत खालच्या खोलीत २७. दुसऱ्या दिवशी सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, तर मी कोकणी पद्धत चालवली, तीन खिडक्या उघड्या, आरपार वारा. बाहेर ४१ च, आत ३४. आणि खरी शिक्षा रात्री झाली, एक वाजला तरी खोली तिशीच्या खाली येईना. सासूबाई परत आल्या, आत पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला, माझ्याकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचा निकाल: मी हरले.

दुसऱ्याचं सांगते. डॉक्टरांचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, रात्री गार न होणाऱ्या भिंतीचं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, आमच्या लग्नाच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहाटे गोधडी लागायची, आता ओढून किती वर्षं झाली आठवत नाही. मग स्वतःच म्हणाल्या, तुझ्या आईवडलांच्या खोलीत बसव, माझ्या नको. दर्शनी भिंतीवर बाहेरचं युनिट लावायला गावच्या जुन्या भागात परवानगी लागते, त्यामुळे मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडामागे लावलंय. बसवणारा तीनदा वेळ देऊन चौथ्यांदा आला, तेही दुपारी तीनला. सासूबाईंनी त्याला पाचपर्यंत दारच उघडलं नाही.

आणि कोळसादादा, वाळ्याचं त्यांना सांगितलं. आता रोज विचारतात तुझी आई ते गवत आणणार का.

चंद्रपूरचा_कोळसा
पाठवतो न मी जुडी! विमानतळावर विचारलं तर सांगा सासूचं औषध हाय.

डॉ_निवांत
असलं काही सांगू नका. झाडामुळांना कागद लागतात, आधी नियम बघा. बाबांच्या गोळीचं विचारलंत का?

सागरगोटी
विचारलं डॉक्टर, जुलैपुरती बदलून दिलीय. धन्यवाद.

बॅकपॅकवाला
ते आल्हाम्ब्राचं...

सागरगोटी
एप्रिलमध्ये जा.

बॅकपॅकवाला
तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत.

चक्रम
मग आजींचं दार वाजवा. पाचनंतर.